ड्रोनच्या परीक्षेच्या तयारीला पैसे भरायचे का? आधी हे वाचा, मग घरात बसून ठरवा



बंदीच्या दिवसांत बोट शाकारून झाली, जाळी शिवून झाली की घरात पुढचा विषय निघतो तो पोरांचा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तिकडे मध्य प्रदेशात धरणांवर १६ जून ते १५ ऑगस्ट बंद. दोन्हीकडे हाताला काम नसण्याचे हेच दिवस, आणि मोबाईलवर जाहिराती जास्त दिसण्याचेही हेच. "ड्रोन पायलट व्हा." "परीक्षेची तयारी आम्ही करून घेतो." "इंदूरला नवी बॅच सुरू, जागा थोड्याच."

पोरगं म्हणतं, पैसे द्या. आई म्हणते, दर्यापेक्षा बरं, जीवाला धोका नाही. बाप म्हणतो, इंजिनाचं काम निघालंय, ते कुठून करू? तिघांचंही खरं आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय. शेवटपर्यंत वाचा.

इंदूरचंच नाव का येतं?

इंदूर हे मध्य प्रदेशातलं क्लासचं गाव. भंवरकुआँ भागात गेलात तर गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांचे बोर्ड दिसतील. होळकरांच्या वेळेपासून तिथे मराठी वस्ती आहे. कुणाची आत्या, कुणाची मामी तिथे असतेच, त्यामुळे राहायची सोय होईल असं वाटतं. खानदेशातून आग्रा रोडने जाता येतं, मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत पोचता येतं.

त्यात डिसेंबर २०२१ मध्ये ग्वाल्हेरच्या ड्रोन मेळ्यात तेव्हाचे केंद्रीय विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी मध्य प्रदेशात पाच ड्रोन स्कूल काढण्याची घोषणा केली. ग्वाल्हेर, भोपाळ, इंदूर, जबलपूर आणि सतना ही ती पाच गावं. त्यातलं ग्वाल्हेरचं मार्च २०२२ मध्ये सुरूही झालं. तेव्हापासून "ड्रोन" आणि "इंदूर" हे शब्द जाहिरातीत जोडीने यायला लागले. मंत्र्याने गावाचं नाव घेतलं म्हणून त्या गावातला प्रत्येक क्लास सरकारमान्य होत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठी गोष्ट: आपल्याकडे "तयारी" वेगळी आणि "परीक्षा" वेगळी असं नाहीच

इथेच बरेच जण फसतात.

अमेरिकेत ड्रोनचा धंदा करायचा तर सरकारने ठरवलेल्या केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा द्यावी लागते. साठ प्रश्न, पास व्हायला सत्तर टक्के, फी १७५ डॉलर. तिथे तयारी कुठेही करा, घरी पुस्तक वाचून करा नाहीतर क्लास लावून करा, परीक्षा मात्र केंद्रावरच. त्यामुळे तिकडे परीक्षेच्या तयारीचे क्लास आणि व्हिडिओ यांचं मोठं दुकान आहे. आपली पोरं तेच व्हिडिओ बघतात आणि त्यांना वाटतं आपल्याकडेही तसंच असणार.

आपल्याकडे तसं नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात बदल होऊन पायलटचं "लायसन्स" गेलं आणि त्याजागी "रिमोट पायलट सर्टिफिकेट" आलं. हे सर्टिफिकेट डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं. या संस्थांना आरपीटीओ म्हणतात. शिकवणारी तीच, चाचणी घेणारी तीच, सर्टिफिकेट देणारीही तीच. बाहेर कुठे डीजीसीएची वेगळी लेखी परीक्षा द्यायची आहे आणि त्यासाठी आधी क्लास लावायचा, असा प्रकारच नाही.

म्हणजे कुणी म्हणालं की आमच्याकडे दहा हजार भरून तयारी करा, मग पुढची परीक्षा तुमची तुम्ही द्या, तर ते दहा हजार जादाचे. आरपीटीओत गेल्यावर पूर्ण फी पुन्हा भरावीच लागणार आणि तिथे सगळं पहिल्यापासून शिकवतातच. क्लासवाल्याने दिलेलं "कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र" भिंतीवर लावता येईल, पण त्यावर ड्रोन उडवून पैसे कमावता येणार नाहीत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नुसत्या तयारीला पैसे भरू नका. भरायचेच तर मान्यताप्राप्त आरपीटीओतच भरा. मग दुसरा प्रश्न उरतो, आरपीटीओची फी तरी भरावी का?

सर्टिफिकेट कुणाला लागतं, कुणाला नाही

२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात. तो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतचा मायक्रो. तो हौसेखातर उडवला तर सर्टिफिकेट लागत नाही, पण पैसे घेऊन उडवला तर लागतं. म्हणजे लग्नात ड्रोन फिरवून बिल लावणाऱ्या फोटोवाल्यालाही ते लागतं. २ किलो ते २५ किलोचा स्मॉल. फवारणीचे बरेच ड्रोन याच गटात येतात, त्यांना लागतंच.

अटी तीन: वय १८ ते ६५, दहावी पास, आणि आरपीटीओचं प्रशिक्षण पुरं. आधी पासपोर्ट मागायचे, सप्टेंबर २०२३ च्या बदलानंतर तो बंधनकारक नाही. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स असा सरकारी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा चालतो. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. सरकारची स्वतःची फी १०० रुपये आहे. बाकी जे काही तुम्ही भरता ते संस्थेच्या शिकवणीचं. ती फी सरकारने ठरवून दिलेली नाही, प्रत्येकाची वेगळी असते. बहुतेक ठिकाणी ती तीस हजारांच्या वरच असते.

यातली दहावीची अट आपल्या घरांसाठी मोठी आहे. आठवी-नववीला शाळा सोडून खलाशी म्हणून बोटीवर चढलेली पोरं आपल्याकडे कमी नाहीत. अशा पोराचे पैसे कुणी आधी घेतले आणि दहावीचं नंतर बघू म्हणालं, तर तिथून उठा. त्याला आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करू द्या. त्याला खर्च थोडा येतो आणि ती दहावी ड्रोन सोडून इतर दहा ठिकाणीही कामाला येते.

कोर्समध्ये असतं काय?

स्मॉल गटातल्या पंख्यांच्या ड्रोनसाठी हा कोर्स कमीत कमी पाच दिवसांचा असतो. नियम, ड्रोन हवेत कसा तरंगतो, हवामान, रेडिओवर बोलण्याची पद्धत, बॅटरी आणि देखभाल, बिघाड झाला तर काय करायचं, हे वर्गात शिकवतात. मग कॉम्प्युटरवर सराव आणि शेवटी मैदानात उडवणं.

यातलं बरंचसं आपल्या पोरांना नवीन नाही. वारा कुठून फिरला, ढग कसा चढला, हे तांडेलाच्या पोराला वर्गात बसून शिकायची गरज नसते. व्हीएचएफवर बोलणाऱ्याला रेडिओची शिस्त माहीत असते. जीपीएस तर आपण रोज वापरतो. अडतं ते इंग्रजी शब्दांवर आणि नियमांवर. आणि नियम तर फुकट वाचायला मिळतात. डीजीसीएच्या आणि डिजिटल स्कायच्या संकेतस्थळावर आहेत. घरातल्या शिकलेल्या पोरीला शेजारी बसवून आठ दिवस रोज तासभर वाचलं तर "तयारी" तिथेच झाली.

हात बसतो का हेही स्वस्तात बघता येतं. कुणाचा नॅनो ड्रोन मिळाला तर मोकळ्या मैदानात दहा-पंधरा वेळा उडवून बघा. पोराला त्यात रस आहे की दोन दिवसांत कंटाळतंय, ते मोठी फी भरण्याआधी कळलेलं बरं. मात्र जागेचे नियम नॅनोलाही लागू आहेत, ते पुढे सांगतो.

पास झाल्यावर काम कुठे आहे?

खरा प्रश्न हा. सर्टिफिकेट पाच-सात दिवसांत मिळेल, काम तेवढ्यात मिळत नाही.

आपल्याच धंद्यापासून सुरू करू. ९ जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्र सरकारने बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड ही नऊ ठिकाणं. आपल्यातल्या पुष्कळांना ड्रोन माहीत झाला तो असा, डोक्यावर घोंघावणारा. त्यावरून पोरांना वाटतं की हे उडवायला माणसं लागत असतील. लागतात. पण ठिकाणं नऊ आहेत. त्यात किती जणांना काम मिळेल ते आपणच मोजा. मात्र जी माणसं घेतली जातील ती बंदरावरच्या मच्छिमार कुटुंबातली असावीत अशी मागणी सोसायट्यांनी लेखी करायला हरकत नाही. ज्याला डोल आणि पर्ससीन यातला फरक लांबून कळतो, त्याच्या नजरेचा सरकारलाही उपयोगच आहे.

दुसरं, मासळी वाहून नेणारे ड्रोन. बराकपूरची सीआयएफआरआय ही केंद्रीय संस्था यावर काम करते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचीच्या सीएमएफआरआयमध्ये मत्स्यव्यवसायातल्या ड्रोनचं प्रात्यक्षिकही झालं. धरणातल्या पिंजऱ्यांवर खाद्य टाकणं, पाण्याचे नमुने घेणं, अडचणीच्या जागेवरून ताजी मासळी काढणं, हे पुढे होऊ शकतं. इंदूरपासून जवळ नर्मदेवर इंदिरा सागरसारखा अफाट जलाशय आहे, तिथे तर हे शोभून दिसेल. पण आज ही चाचणीची आणि प्रात्यक्षिकाची कामं आहेत. रोजच्या मजुरीची झालेली नाहीत.

तिसरं, "ड्रोनने मासळीचा थवा शोधू" ही कल्पना. नाखवा मंडळी, यावर पैसे घालू नका. साधारण परवानगीत ड्रोन डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवायचा असतो. खोल समुद्रातल्या शोधाला तो पुरत नाही. आणि मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची माहिती हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून फुकट देते. ती आधी नीट वापरू.

चौथं, आपल्या धंद्याबाहेरची कामं: शेतीची फवारणी, जमिनीची मोजणी, लग्नाचं शूटिंग. स्वामित्व योजनेत २४ एप्रिल २०२० पासून गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आहे. फवारणीचं काम खेड्यात वाढतंय. पण इथे ड्रोन कुणाचा हा प्रश्न येतो. नमो ड्रोन दीदी योजनेत सरकार ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये देतं. यावरूनच समजा की फवारणीचा ड्रोन सगळ्या साहित्यासकट दहा लाखांच्या घरात जातो. सर्टिफिकेट आहे आणि ड्रोन नाही, तर दुसऱ्याच्या ड्रोनवर रोजंदारी. तांडेलकी येते पण बोट नाही, तशातली गत.

स्वस्तात मिळतो म्हणून परदेशी ड्रोन घेऊ नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन आणि संरक्षण अशा थोड्या कामांना सूट आहे. बाजारात लपूनछपून मिळणाऱ्या अशा ड्रोनची नोंदणी अडकते आणि नोंदणी नसलेला ड्रोन उडवता येत नाही. २०२१ च्या नियमांत चुकीला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उडवायचं कुठे?

नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे भाग केलेले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरपर्यंत तर जमिनीपासूनच बंधन सुरू होतं.

इंदूरला शहराच्या अंगालाच देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आहे आणि जवळच महूची लष्करी छावणी. आपल्याकडे मुंबईत नौदल, उरण, तारापूर अशा नाजूक जागा, शिवाय मुंबई पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदी हुकूम. तेव्हा "आपल्या बंदरावरच सराव करू" असं गृहीत धरू नका. उडवायच्या आधी त्या दिवशीचा नकाशा बघायचा, ही सवयच लावायला हवी.

घरच्या वहीत हा हिशेब मांडा

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा फी ४५ हजार, इंदूरला आठवडाभर राहणं-खाणं ७ हजार, जाणं-येणं ३ हजार. झाले ५५ हजार. आता काम मिळालं आणि सगळा खर्च जाऊन एका दिवसाचे हातात हजार रुपये उरले, तर ५५ दिवस काम केल्यावर फी वसूल. हे ५५ दिवस वर्षभरात मिळतील का? देणारा कोण? त्याचं नाव-गाव माहीत आहे का? एकही नाव लिहिता येत नसेल तर वही मिटा आणि थांबा.

आणखी एक सांगायलाच हवं. किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज डिझेल, बर्फ, जाळी यासाठी आहे. त्यातून कोर्सची फी भरली तर १ ऑगस्टला बोट कशाच्या जोरावर काढणार? पोराच्या फीसाठी हंगाम बुडाला तर दोन्ही गेलं. बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण टाकूनही हा कोर्स करू नका. कोर्स पुढच्या महिन्यातही असतो, पुढच्या वर्षीही असतो. "आजच भरा, उद्या फी वाढेल" म्हणणाऱ्याला घाई त्याच्या धंद्याची असते.

पैसे देण्याआधी हे विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या

१. तुमची संस्था स्वतः आरपीटीओ आहे का? नाव डीजीसीएच्या यादीत दाखवा. "आमचं त्यांच्याशी टायअप आहे" म्हणाले तर ज्यांच्याशी आहे त्यांनाच फोन करा.
२. सर्टिफिकेट कोणत्या गटाचं आणि कोणत्या प्रकारच्या ड्रोनचं? मायक्रोचं घेऊन फवारणीला जाता येत नाही.
३. फीमध्ये काय काय आलं? कर, सराव, चाचणी, राहणं. नापास झालो तर पुन्हा चाचणीचे किती?
४. प्रत्यक्ष मैदानात एका विद्यार्थ्याला किती वेळ उडवायला मिळणार? एका ड्रोनमागे पोरं किती?
५. पावसाने उडवणं बंद राहिलं तर दिवस वाढवून देणार का? आपली बंदी पावसात, म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा. तोवर राहायचा खर्च कुणाचा?
६. शिकवणं कोणत्या भाषेत? मराठी नाहीतर हिंदीत समजावणार का?
७. नोकरीची "हमी" असेल तर कुठे, किती पगारावर, किती दिवसांत?
८. मध्येच सोडलं तर पैसे किती परत?

या आठातल्या चारांची उत्तरं तोंडीच मिळाली तर ती मिळालीच नाहीत असं समजा.

मग आमचं म्हणणं काय?

पोराच्या किंवा पोरीच्या हाताला काम आधीच लागलेलं असेल, म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, फवारणीचा ड्रोन असलेल्या ओळखीच्याने "ये" म्हटलंय, मोजणीच्या कंपनीत नोकरी आहे आणि सर्टिफिकेट मागतायत, तर बचतीतून फी भरा. ती फी कामाला येईल.

काम दिसत नसेल, नुसती आशा असेल, तर यंदा नियम वाचा, हात बसवा, दहावी राहिली असेल तर ती करा. वर्षाने पुन्हा बघू.

बायकांच्या बचत गटांनी मात्र आधी उमेदच्या तालुका कार्यालयात जाऊन यावं. नमो ड्रोन दीदीमध्ये निवडलेल्या गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं आणि पायलटचे पाच दिवस त्यातच धरलेले आहेत. योजना २०२५-२६ पर्यंतची म्हणून आखली होती, तेव्हा आता काय चालू आहे ते विचारून घ्या. जे सरकारी योजनेतून मिळू शकतं त्याला पदरचे पैसे कशाला?

आणि सोसायट्यांना एक सुचवणं. दहा घरांनी दहा पोरं वेगवेगळी पाठवून पाच लाख घालवण्यापेक्षा सोसायटीने ठराव करून एक-दोन जण निवडावेत. पिंजऱ्याची मत्स्यशेती असलेल्या किंवा शेतीही करणाऱ्या गावात तर नक्कीच. शिकून आलेल्याने दोन वर्षं सोसायटीचं काम करायचं, एवढी अट घाला. फी वाटली जाईल आणि उद्या मत्स्य विभागाने ड्रोनची योजना काढलीच तर आपल्याकडे सर्टिफिकेट असलेला माणूस तयार असेल.

बोटीवर वायरलेस आलं, जीपीएस आलं, ट्रान्सपॉन्डर आला. प्रत्येक वेळी आपण शिकलोच. ड्रोनही शिकू. पण जाळं टाकायच्या आधी पाणी बघतो ना आपण? तसंच हेही बघून करू.

कुणाला आरपीटीओच्या यादीत नाव शोधून हवं असेल, किंवा फीचा कागद वाचून हवा असेल, तर तो घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. पैसे भरायच्या आधी या, एवढंच सांगणं.